कर्तरी, कर्मणी आणि चरित्र : लिन कॉनवे यांच्या कारकिर्दीचा भाषिक विचार

१

चरित्र म्हणजे जन्म, कर्तृत्व आणि मृत्यू यांची कालक्रमाने केलेली मांडणी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ही मांडणी ज्या वाक्यांतून होते त्या वाक्यांचे व्याकरण चरित्रकाराला सहसा अडवीत नाही. चरित्रविषय पुरुष असेल तर 'ते गेले' आणि स्त्री असेल तर 'त्या गेल्या' असे लिहून तो पुढे जातो. परंतु असेही एखादे आयुष्य असू शकते की, त्याच्या पहिल्या तीस वर्षांविषयी 'गेले' लिहावे की 'गेल्या', हाच चरित्रकारापुढचा पहिला प्रश्न ठरतो. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे (१९३८–२०२४) यांचे आयुष्य या प्रकारचे आहे. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगा म्हणून झाली; १९६८ नंतर त्या स्त्री म्हणून जगल्या; आणि १९९९ नंतर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या पुरस्कर्त्या म्हणून त्या सर्वज्ञात झाल्या.

त्यांचे चरित्र सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांच्या कारकिर्दीत काम आणि काम करणारी व्यक्ती यांची जी फारकत झाली, तिचे नेमके वर्णन करण्याची साधने मराठीच्या प्रयोगविचारात उपलब्ध आहेत. आणि त्या साधनांनी पाहिले असता या कारकिर्दीचे मर्म व तिच्या चरित्रकाराची जबाबदारी ही दोन्ही स्पष्ट होतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विषय दूरदेशीचा असला तरी खानदेशातील अभ्यासकाला तो परका मानण्याचे कारण नाही. जामनेरच्या बाजारात कापूस तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा, एस.टी.च्या वाहकाच्या हातातील तिकिटाचे यंत्र आणि विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइल यांत ज्या चिप बसविलेल्या असतात, त्यांच्या आरेखनाची आजची रीत घडविण्यात कॉनवे यांचा वाटा मोठा आहे. दुसरे असे की, जामनेर तालुका तावडी बोलीच्या पट्ट्यात मोडतो आणि त्याच्या पश्चिमेस अहिराणीचा प्रदेश लागतो. 'मी' म्हणणाऱ्याला क्रियापद त्याचे लिंग विचारते की नाही, या बाबतीत प्रमाण मराठी आणि अहिराणी यांची वागणूक सारखी नाही. आणि हा भेद प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे. तिसरे कारण याहूनही जवळचे आहे. जामनेरला लागून असलेल्या जळगाव तालुक्यातील एका गावात हाच प्रश्न २०२१ साली न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचा विचार यथाक्रम येईल.

२

मराठीत 'लिंग' हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरला जातो : देहाचे लिंग, समाजात स्त्री वा पुरुष म्हणून असलेली व्यक्तीची ओळख, आणि शब्दाचे व्याकरणिक लिंग. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) यांच्यापासून मोरो केशव दामले (१९११) यांच्यापर्यंत मराठी व्याकरणकारांनी विचार केला तो मुख्यतः तिसऱ्या अर्थाचा. पहिला आणि तिसरा अर्थ एकमेकांवर बसत नाहीत, ही गोष्ट फार जुनी आहे. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांच्या प्रकरणावर भाष्य करताना पतंजलीने दाखवून दिले आहे की, देहचिन्हांवरून शब्दाचे लिंग ठरवू गेल्यास स्त्रीवेष घेणाऱ्या नटाच्या ठिकाणी नियम चुकतो, आणि खाट व वृक्ष यांच्या लिंगाची तर उपपत्तीच लागत नाही. व्याकरणिक लिंगाचे प्रमाण देहात नसून भाषिकांच्या व्यवहारात आहे, हा या चर्चेतून निघणारा बोध होय.

आता मराठी क्रियापदाकडे पाहू. इंग्रजीत 'मी' म्हणून बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातून कळत नाही. मराठीत ते वर्तमानकाळात कळते : 'मी जातो', 'मी जाते'. अकर्मक क्रियापदांच्या भूतकाळातही कळते : 'मी आलो', 'मी आले', 'मी राहिलो', 'मी राहिले'. परंतु सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात मराठी कर्मणी प्रयोगाकडे वळते आणि तेथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते. 'मी ग्रंथ लिहिला', 'मी वही लिहिली', 'मी पुस्तक लिहिले' या तीन वाक्यांत ग्रंथ, वही आणि पुस्तक यांची लिंगे कळतात. लिहिणाऱ्याचे लिंग कळत नाही. तृतीय पुरुषात 'त्याने' आणि 'तिने' हा भेद उरतो खरा. पण आदरार्थी बहुवचन वापरले की तोही मावळतो. 'त्यांनी ग्रंथ लिहिला', 'कॉनवे यांनी ग्रंथ लिहिला' या वाक्यांतून ग्रंथकार स्त्री की पुरुष, हे कोणालाही सांगता येणार नाही.

याचा अर्थ असा की, भूतकाळात केलेले काम सांगताना मराठी कर्त्याचे लिंग विचारीत नाही. येणे, जाणे, राहणे, घाबरणे, मरणे सांगताना विचारते. यालाही अपवाद आहेत आणि ते अर्थपूर्ण आहेत. 'शिकणे', 'बोलणे', 'विसरणे' ही क्रियापदे कर्म घेत असूनही भूतकाळात कर्तरीच राहतात : 'मी धडा शिकलो' किंवा 'शिकले', 'मी नाव विसरलो' किंवा 'विसरले'. भविष्यकाळ मात्र लिंगाच्या बाबतीत पूर्णपणे उदासीन आहे. 'मी जाईन', 'ती जाईल', 'तो जाईल' यांत क्रियापद सारखेच.

बोलींकडे वळल्यास हे चित्र आणखी बदलते. अहिराणीत 'मी जास' हे रूप बाई आणि बुवा दोघेही वापरतात. 'तो जास' आणि 'ती जास' यांतही क्रियापद तेच. कोल्हापूरकडील स्त्रिया 'मी येतो', 'मी जातो' असे सहज म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणाला शंका येत नाही. म्हणजे 'मी' च्या क्रियापदाने लिंग सांगावे हा भाषेचा अटळ धर्म नव्हे. तो प्रमाण मराठीचा रूढ संकेत आहे. रूढ संकेत म्हटला म्हणजे तो पाळावा लागतो. पण त्याच्यापाशी व्यक्तीविषयीचा निर्णायक पुरावा आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

३

हा प्रयोगविचार ध्यानात ठेवून कॉनवे यांच्या कारकिर्दीकडे यावे. न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथे २ जानेवारी १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला. कोलंबिया विद्यापीठातून १९६३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन १९६४ मध्ये त्या आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात दाखल झाल्या. तेथे एक अतिवेगवान संगणक उभारण्याचा प्रकल्प चालू होता. त्यात काम करताना १९६५ च्या सुमारास कॉनवे यांनी एक महत्त्वाची पद्धत शोधून काढली. संगणकाला दिलेल्या आज्ञा लिहिलेल्या क्रमानेच एकामागून एक पार पाडण्याऐवजी, ज्या आज्ञांची सामग्री तयार असेल त्या एकाच वेळी अनेक पार पाडाव्यात आणि उरलेल्यांनी थांबावे, अशी व्यवस्था यंत्राने स्वतःच करावयाची, हे त्या पद्धतीचे सूत्र. आधुनिक प्रक्रियकांत ही कल्पना आज सर्रास वापरली जाते.

१९६८ मध्ये आपण स्त्री म्हणून जगणार असल्याचे कॉनवे यांनी कंपनीला कळविले. कंपनीने त्यांना कामावरून काढून टाकले. त्या वेळी त्यांचे लग्न झालेले होते आणि त्यांना दोन मुली होत्या; नोकरीबरोबर कुटुंबही दुरावले. पुढे १९६९ मध्ये तो संगणकप्रकल्पही बंद पडला. झालेले काम कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत राहिले, त्यावर राहिलेले नाव जुने होते, आणि ते नाव धारण करणारी व्यक्ती जगाच्या दृष्टीने नाहीशी झाली होती.

या घटनेचे वर्णन सामान्यतः 'एका कर्तबगार व्यक्तीवर झालेला अन्याय' अशा शब्दांत केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. नोकरी जाणे ही आपत्ती अनेकांवर येते. ज्याची नोकरी जाते त्याचे आधीचे काम सहसा त्याच्याकडेच राहते. पुढच्या दारी उभे राहून 'अमुक काम मी केले' असे तो सांगू शकतो. कॉनवे यांना हे वाक्य उच्चारता येईना. उच्चारावे तर जुने नाव सांगावे लागे आणि जुने नाव सांगितले की नवी नोकरीही जाण्याची भीती. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, वाक्यातील कर्म शिल्लक राहिले, क्रियापद शिल्लक राहिले आणि कर्त्याची जागा रिकामी झाली. १९६८ चा खरा आघात तो हा.

४

यानंतरची कॉनवे यांची तीस वर्षे कर्मणी प्रयोगात गेली, असे म्हटल्यास ते केवळ अलंकारिक होणार नाही. त्यांनी आपल्या पूर्वायुष्याविषयी मौन पाळले आणि कामाच्या बळावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. मेमोरेक्स कंपनीत काही वर्षे काम केल्यावर १९७३ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात आल्या. तेथे कॅल्टेकमधील कार्व्हर मीड यांच्या सहकार्याने त्यांनी जे काम केले, त्याने चिपच्या आरेखनाचे शास्त्र पालटून टाकले.

त्या कामाचे स्वरूप भाषाभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. १९७० च्या दशकात एका चिपवर हजारो सूक्ष्म घटक बसविता येऊ लागले होते. पण ते कसे बसवावेत याचे नियम प्रत्येक कारखान्याचे निराळे, लांबलचक आणि त्या कारखान्याच्या यंत्रसामग्रीशी बांधलेले होते. यंत्रसामग्री सुधारली की नियम बदलत. परिणामी आरेखनाची विद्या थोड्या कंपन्यांतील थोड्या तज्ज्ञांच्या हाती राहिली होती. कॉनवे यांनी या नियमांतील मिलिमीटर-मायक्रॉनची मापे काढून टाकली आणि त्यांच्या जागी एकच सापेक्ष एकक योजिले. रेषेची रुंदी या एककाच्या इतक्या पट, दोन रेषांतील अंतर इतक्या पट, अशी थोडकी सूत्रे त्यांनी बांधली. कारखाना बदलला, घटक आणखी लहान झाले, तरी एककाचे मूल्य तेवढे बदलावे, सूत्रे तीच. विशिष्ट उच्चारांच्या यादीऐवजी त्यांच्यामागील व्यवस्था सांगणारा नियम देण्यात वैयाकरण जे करतो, तेच हे काम आहे.

या सूत्रांचा परिणाम असा झाला की, ज्याने कारखाना कधी पाहिला नाही असा विद्यार्थीही चिपचा आराखडा करू शकला. १९७८ मध्ये कॉनवे यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हा अभ्यासक्रम शिकविला आणि विद्यार्थ्यांचे आराखडे प्रत्यक्ष चिपच्या रूपाने त्यांच्या हाती दिले. पुढच्या वर्षी अनेक विद्यापीठांतून संगणकजालाद्वारे आलेले ८० हून अधिक आराखडे एकत्र करून अल्प काळात घडवून परत पाठविण्यात आले. अनेकांचे आराखडे एकाच वेळी एकाच घाण्यातून काढावयाचे आणि खर्च वाटून घ्यावयाचा, ही ती युक्ती. १९८० मध्ये मीड आणि कॉनवे यांचा 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभियांत्रिकी विद्यापीठांत तो क्रमिक पुस्तक म्हणून रूढ झाला. १९८३ मध्ये कॉनवे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत गेल्या. १९८५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहयोगी अधिष्ठाता झाल्या. १९८९ मध्ये राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली.

या सर्व काळात त्यांचे काम जगापुढे होते. त्यांचा पूर्ववृत्तान्त नव्हता. 'कॉनवे यांनी सूत्रे बांधली', 'कॉनवे यांनी ग्रंथ लिहिला' ही वाक्ये उजळ माथ्याने उच्चारली जात होती. 'मी अमुक ठिकाणी होते', 'मी तेथून आले' ही वाक्ये मात्र त्यांना टाळावी लागत होती. कर्मणी प्रयोग हा त्यांचा आश्रय होता. आश्रयाला मोल असते, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. जो आश्रय कर्त्याला झाकतो तो त्याचा इतिहासही झाकतो, आणि १९६५ चे संशोधन त्या इतिहासात पुरले गेले होते.

५

१९९० च्या दशकाच्या अखेरीस क्लेमसन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक मार्क स्मदरमन हे आयबीएमच्या त्या बंद पडलेल्या प्रकल्पाचा इतिहास जुळवू लागले. कॉनवे यांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते. गप्प राहिल्यास आपल्या पहिल्या मोठ्या कामावरचा हक्क कायमचा सोडावा लागणार होता. बोलल्यास तीस वर्षे जपलेला आश्रय मोडणार होता. त्यांनी बोलण्याचा मार्ग पत्करला. आपण त्या प्रकल्पात होतो, हे त्यांनी स्मदरमन यांना कळविले आणि १९९९ पासून आपला पूर्ववृत्तान्त जाहीरपणे सांगण्यास आरंभ केला. त्या मिशिगन विद्यापीठातून १९९८ मध्ये निवृत्त झाल्या होत्या.

हक्कांच्या चळवळीतील त्यांचा प्रवेश अशा रीतीने एका संशोधनात्मक निमित्ताने झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांनी सहानुभूती मागितली नाही, श्रेय मागितले. पुढच्या दोन तपांत त्यांनी पारलिंगी व्यक्तींसाठी वैद्यकीय व सामाजिक माहिती संकलित करून सर्वांना खुली केली, त्यांच्याविषयी शास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या अपप्रचाराचा प्रतिवाद केला, आणि विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेत लिंगओळखीच्या आधारे भेदभाव न करण्याचे कलम यावे यासाठी यशस्वी प्रयत्न केले.

त्यांच्या आत्मपर लेखनातील दोन लेख समीक्षकाने शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. २०१२ च्या लेखात चिपच्या आरेखनातील क्रांतीच्या आठवणी आहेत. त्यात कामाचा तपशील मुबलक असून स्वतःच्या दुःखाचा उल्लेख बेताचा आहे. अपयशांच्या मालिकेतून पद्धत कशी घडत गेली, हे सांगण्यात लेखिका रमते. २०१८ च्या लेखात त्या एक पाऊल पुढे जातात आणि विचारतात की, काही माणसांचे काम इतिहासातून नाहीसे का होते? त्यांचे उत्तर थोडक्यात असे : नवे शोध कोणाकडून यावेत याविषयी समाजाच्या मनात एक ठरलेली अपेक्षा असते; अपेक्षेबाहेरच्या माणसाने शोध लावला तर तो नाकारला जातो असे नव्हे, तर त्याच्या नावावर तो दिसतच नाही. दुष्टाव्याची गरज न लागता घडणारे हे विस्मरण पहिल्या लेखातील अनुभवाचे दुसऱ्या लेखातील सिद्धान्तात रूपांतर करते. लेखनगुणांच्या दृष्टीने २०१२ चा लेख सरस असला, तरी विचारदृष्ट्या २०१८ चा लेख अधिक दूर जातो. आणि दुसऱ्याचे बळ पहिल्यातील तपशिलावर उभे आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी, आयबीएमने कॉनवे यांची जाहीर क्षमा मागितली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचे नाव समाविष्ट झाले. ९ जून २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

कॉनवे यांच्या जोडीने आणखी एका नावाचा उल्लेख अवश्य आहे. ई-पत्रासोबत कोणतीही फाइल जोडून पाठविता यावी यासाठी १९८० मध्ये ज्यांनी सांकेतिक रूपांतराची आज्ञावली रचली, त्या मेरी ॲन हॉर्टन याही पारलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्या. त्यांच्या मागणीवरून ल्यूसेंट या कंपनीने १९९७ मध्ये आपल्या समान संधीच्या धोरणात लिंगओळखीचा शब्द घातला. इतक्या मोठ्या अमेरिकन कंपनीने असे करण्याची ती पहिली वेळ मानली जाते. १९६८ आणि १९९७ यांतील अंतर एका शब्दाचे आहे. कॉनवे यांच्या वेळी तो शब्द कोणत्याही नियमात नव्हता, म्हणून त्यांना मौनाचा आश्रय घ्यावा लागला.

६

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, अशा व्यक्तींची चरित्रे केवळ कर्मणी प्रयोगात लिहावीत, काम सांगावे आणि कर्त्याविषयी बोलूच नये. हा निष्कर्ष सोयीचा आहे. पण तो दोन कारणांनी चुकीचा ठरतो.

पहिले कारण असे की, काम मोठे असेल तरच माणसाला मान, हा न्याय त्यातून डोकावतो. ज्याने चिपची सूत्रे बांधली नाहीत त्याने काय करावे? दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. काम करण्याची संधी मिळण्यासाठीच प्रथम कर्ता म्हणून मान्यता लागते. कर्तरी वाक्य नाकारले गेले तर कर्मणी वाक्य जन्मालाच येत नाही.

जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथील प्रकरण हेच सांगते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेकरिता अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत, या कारणाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निवाडा आणि त्या वेळी लागू असलेला २०१९ चा अधिनियम यांच्या आधारे, स्वतःला जाणवणारी लिंगओळख सांगण्याचा अर्जदाराचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. अर्जातील नावाची घडणही पाहण्यासारखी आहे. मराठी माणसाच्या नावात मधली जागा पित्याची किंवा पतीची असते. येथे ती गुरूची आहे. वंशाच्या जागी परंपरा आली आणि तरीही नावाचा साचा मराठीच राहिला.

या गावातील रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांविषयी त्या सदस्येने काय केले हे सांगणारी वाक्ये कर्मणी असतील. पण त्या वाक्यांच्या आधी 'मी स्त्री म्हणून उभी राहिले' हे कर्तरी वाक्य न्यायालयात सिद्ध करावे लागले. पुढे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत याच जिल्ह्यातील रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील या वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. उभे राहणे हे क्रियापद अकर्मक आहे आणि म्हणून मराठीत ते लिंग सांगितल्यावाचून पूर्ण होत नाही, हा योगायोग बोलका आहे.

येथे तंत्रज्ञांच्या जबाबदारीचाही प्रश्न येतो. महाराष्ट्रातील पोलीस भरतीच्या संगणकीय अर्जात २०२२ साली स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. तिसऱ्याने अर्ज करावयाचा म्हटले तर यंत्र पुढचे पानच उघडीत नसे. त्याविरुद्ध दाद मागितली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्य शासनाने तिसरा पर्याय देण्याचे मान्य केले. कॉनवे यांनी नियम असे बांधले की, बाहेरच्याला आत येता यावे. भरतीचा तो अर्ज अशा रीतीने बांधला होता की, आत येऊ पाहणाऱ्याला दारच सापडू नये. दोन्ही ठिकाणी प्रश्न आरेखनाचाच होता.

मराठीतील आत्मकथनांकडे या दृष्टीने पाहिले तर एक उणीव जाणवते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात दोन वाक्ये आहेत आणि दोन्हींत क्रियापद नाही. क्रियापद नसल्यामुळे लिंगाचा प्रत्ययही नाही. आहे ते केवळ नामाने केलेले विधान. स्वतःची ओळख स्वतः जाहीर करण्याचा हा अत्यंत समर्थ प्रकार होय, आणि समाज जे नाव शिवी म्हणून देतो तेच स्वीकारण्याचे धैर्य त्यात आहे. परंतु अशा पुस्तकांचे आपल्याकडे जे स्वागत होते, ते बहुधा या नामवाक्यांपाशीच थांबते. परीक्षणकार देहाविषयी विचारतो, दुःखाविषयी विचारतो. नृत्याविषयी, संघटनेविषयी, कामाच्या पद्धतीविषयी विचारीत नाही. उणीव आहे ती लेखनाची नव्हे, वाचनाची.

७

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कॉनवे यांच्या पहिल्या तीस वर्षांविषयी मराठी चरित्रकाराने 'गेले' लिहावे की 'गेल्या'? 'गेल्या' लिहावे, आणि प्रारंभापासून शेवटपर्यंत तेच लिहावे. याला मराठी चरित्रलेखनात आधार आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. तरी आनंदीबाईंचा जन्म १८६५ मध्ये झाला, असेच आपण लिहितो आणि त्यात कालविपर्यास झाला असे कोणी म्हणत नाही. चरित्रविषय ज्या नावाने आणि ज्या ओळखीने स्वतःला ओळखतो ती मागे नेऊन लावणे, ही आपली जुनीच रीत आहे. ती येथे लावण्यास संकोच वाटत असेल तर त्याचे कारण व्याकरणात शोधू नये.

त्याचप्रमाणे 'यांनी' आणि 'त्यांनी' या आदरार्थी रूपांच्या आडोशाने सबंध चरित्र लिहून काढण्याचा मोहही टाळला पाहिजे. भाषेने देऊ केलेली ही सोय वरवर सभ्य दिसते. पण तिने कॉनवे यांना पुन्हा त्याच आश्रयात बसविल्यासारखे होईल, जो सोडण्यासाठी त्यांनी साठी उलटल्यावर आपली सर्व प्रतिष्ठा पणाला लावली. कर्मणी वाक्यांनी त्यांचे काम सांगावे आणि कर्तरी वाक्यांनी त्यांचे असणे सांगावे. एकाच परिच्छेदात, एकाच नावाने. १९६८ मध्ये जे तुटले होते आणि १९९९ मध्ये जे त्यांनी स्वतः जोडले, ते चरित्रकाराने पुन्हा तोडू नये.

या विषयाची एक बाजू पदव्युत्तर अभ्यासकांच्या हाती सोपविण्यासारखी आहे. जामनेर, पहूर, शेंदुर्णी या भागात तावडी बोलणाऱ्या स्त्री-पुरुषांची उत्तम पुरुषातील रूपे, वयोगट व व्यवसाय लक्षात घेऊन, प्रत्यक्ष संभाषणातून नोंदवावीत. ती पश्चिमेकडील अहिराणीच्या रूपांशी ताडून पाहावीत. आणि ज्या व्यक्तींनी जन्मनोंदीहून वेगळी ओळख स्वीकारली आहे त्या, संमती देतील तर, घरात कोणते रूप वापरतात आणि कचेरीत कोणते, हेही पाहावे. अशा नोंदी करताना नावे गुप्त राखण्याची शिस्त कसोशीने पाळावी लागेल. क्रियापदाचा एक प्रत्यय माणसाची नोकरी घेऊ शकतो, हे या कारकिर्दीने दाखवून दिले आहे. तेव्हा तो टिपणाऱ्याने वहीइतकीच बोलणाऱ्याचीही काळजी वाहिली पाहिजे.